मुंगसांचा खण

त्या खोलीत दुपार लवकर यायची आणि बराच वेळ मुक्काम करायची. लाकडी पट्ट्यांच्या उंच खिडक्यांतून उजेडाच्या रेघा यायच्या आणि कपाटांवरून हळूहळू सरकत दाराकडे जायच्या. रेघा तिसऱ्या कपाटाशी पोचल्या की चहा यायचा. बाहेर ट्रामची घंटा वाजे, पण ती कुठल्या तरी दुसऱ्या गावात वाजतेय असं वाटायचं. आत सगळीकडे डांबरगोळ्यांचा वास भरलेला असे. महिन्याभरात तो माझ्या साड्यांना, केसांना, डब्यातल्या पोळीलाही लागला.

मी एकवीस वर्षांची होते. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन नुकती बाहेर पडले होते आणि कलकत्त्यातल्या एका जुन्या संग्रहालयाच्या मागच्या इमारतीत मला सहा महिन्यांचं तात्पुरतं काम मिळालं होतं. छोट्या मांसाहारी प्राण्यांची भरलेली कातडी खणाखणांतून ठेवलेली होती: मुंगसं, उदमांजरं, मार्जारकुळातली रानमांजरं, पाणमांजरं. त्यांची यादी नव्याने करायची, एवढंच काम. सहा महिन्यांनंतर मुदत वाढवायची की नाही ते विभागाचे साहेब ठरवणार होते.

मला ती मुदत फार हवी होती. तेवढी आजवर मला कुठलीच गोष्ट हवी झाली नव्हती. घरी मी हे कुणाला सांगितलं नाही. मुदत हवी होती, कारण त्या खोलीत मला कुणी बोलायला लावत नव्हतं. शाळेत नन्सनी इंग्रजी शिकवलं, गल्लीत बंगाली कानावर पडलं, घरात मराठी. आणि तिन्ही भाषांत मी तोंड उघडण्याआधी वाक्य मनात दोनदा घोळवायची, तोवर बोलायची वेळ निघून जायची. खणातले प्राणी थांबायला तयार होते.

साहेब इंग्रजीतून बोलत आणि चहाच्या वेळी व्हरांड्यात उभ्याउभ्या शिकवत. मला ते ‘यंग लेडी’ म्हणत.

“यंग लेडी, मांसाहारी प्राण्यांची दोन मोठी घराणी. एक मांजराच्या बाजूचं, एक कुत्र्याच्या बाजूचं. पाणमांजर कुठल्या बाजूचं?”

“कुत्र्याच्या,” मी म्हणाले. मराठीत त्याला मांजर म्हणतात, हे मी मनातच ठेवलं.

“आणि मुंगूस?”

“मांजराच्या.”

“बरोबर. पण मांजराच्या बाजूला कुठे? इथे सगळे भांडतात.”

आमच्या जुन्या यादीत मुंगसं उदमांजरांच्या कुळात घातलेली होती. साहेबांना ते पटत नसे. कान बघा, ते म्हणत. मांजराच्या आणि उदमांजराच्या कानाच्या कडेला कातडीची एक बारीकशी खिशासारखी घडी असते. मुंगसाच्या कानाला ती नसते. उदमांजराची नखं थोडीफार आत ओढली जातात, मुंगसाची कायम बाहेर. शेपटीखालच्या गंधाच्या ग्रंथींविषयीही एक महत्त्वाचा मुद्दा होता. तो मात्र ते माझ्याकडे न बघता, समोरच्या वडाला उद्देशून सांगत. पुढे कित्येक वर्षांनी मुंगसांचं वेगळं कुळ सगळ्यांनी मान्य केलं. त्या दिवसांत तो व्हरांड्यातल्या चहाबरोबरचा वाद होता.

साहेबांचं स्वतःचं काम याहून बारीक होतं. आपलं साधं राखाडी मुंगूस देशभर सापडतं. पश्चिमेकडचं आणि पूर्वेकडचं यांत खरोखर काही फरक पडलाय का, ते शोधायचा त्यांचा प्रयत्न होता. त्यासाठी ते प्रत्येक कातड्याच्या लेबलावरचं ठिकाण बघत. रंग, माप, सगळं नंतर. आधी ठिकाण.

संध्याकाळी ट्रामने भवानीपूरला परत येताना मी लोकांचे कान बघायची. समोरच्या बाकावरच्या दोन अनोळखी बायकांच्या कानांच्या पाळ्या सारख्या दिसल्या की त्यांची आजी, पणजी, तिच्याही मागची कुणीतरी एकच असेल असं वाटायचं. मग ट्राम वळण घ्यायची आणि मी आणखी मागे जायची. एक लहानसं, लांब शेपटीचं जनावर कुठल्या तरी दाट झाडीत फांदीवरून चाललंय, अजून ते मांजर नाही, मुंगूस नाही, काहीच नाही. कंडक्टर दोनदा तिकीट मागायचा.

“दिवसभर करतेस तरी काय तिथे?” आई विचारायची.

“मुंगसं मोजते.”

“मुंगूस दिसणं शुभ असतं म्हणतात. तू तर रोज बारा-बारा बघतेस. एव्हाना लग्न जमायला हवं होतं तुझं.”

“मेलेल्यांचं धरत नसतील,” बाबा पेपरातून म्हणायचे. ते खिदिरपूरला बंदराच्या कचेरीत होते. दोनच वाक्यं बोलायचे, पण ती वेळेवर.

खोलीत माझ्याशिवाय आणखी एकच माणूस असे. ते कातडी भरायचे. तीसहून अधिक वर्षं त्यांनी तेच केलं होतं, नव्या आलेल्या प्रत्येकाला टाका घालायला त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून सगळे त्यांना मास्टरमोशाय म्हणत. मला ते ‘मा’ म्हणायचे, वयस्क बंगाली माणसं लेकीसारख्या मुलीला म्हणतात तसं.

प्रत्येक कातड्याच्या मागच्या पायाला दोऱ्याने लेबल बांधलेलं असे. प्राणी कुठे सापडला, कधी, नर की मादी, मापं किती. काहींच्या पायाला तीन-तीन लेबलं होती. शास्त्रज्ञांनी नाव बदललं की नवं लेबल जुन्याच्या मागे बांधलेलं. मळलेली, वाळवीने कुरतडलेली, शाई उडालेली लेबलं. मला ते गबाळेपण वाटलं. शाळेत आम्हाला दोन वह्या असत, रफ आणि फेअर. फेअर वहीत सुवाच्य उतरवून घेतलं की रफ पानं फाडून टाकायची. माझं अक्षर चांगलं होतं. नन्स माझी फेअर वही वर्गाला दाखवत. मला तेवढंच काय ते येत होतं असं मला वाटे.

साहेब आसामच्या दौऱ्यावर गेले, आणि मी ठरवलं की ते परत येईपर्यंत मुंगसांचा अख्खा खण नव्या लेबलांनी सजवून ठेवायचा. त्यांनी तो उघडावा, बघावं, मुदतीच्या कागदावर सही करावी, हे चित्र मी ट्राममध्ये इतक्यांदा बघितलं होतं की ते घडून गेल्यासारखंच झालं होतं.

त्या दुपारी वीज नव्हती. लोडशेडिंग तेव्हा रोजचंच होतं. मास्टरमोशाय जेवायला गेले होते. मी बारा मुंगसं लांब टेबलावर ओळीने मांडली. बारा बहिणी एका कुशीवर निजल्यासारख्या दिसत होत्या, नाकं एकाच दिशेला. लेबलं पायाला बांधलेली असताना नीट उतरवून घेता येईनात, म्हणून मी कात्रीने सगळे दोरे कापले. प्रत्येक जुनं लेबल त्याच्या त्याच्या मुंगसाशेजारी ठेवलं. मग नवं पहिलं लिहायला घेतलं. उजेडाच्या रेघा दुसऱ्या कपाटावर होत्या. उकाड्याने डोळे मिटत होते.

वीज आली. पंख्याचं बटण चालूच राहिलेलं होतं. डोक्यावर घरघर झाली आणि बारा लेबलं टेबलावरून उठली. खरंच, पाखरांसारखी उठली. क्षणभर मी नुसती बघत राहिले, कारण ते सुंदर दिसत होतं. मग ती कपाटांखाली, खुर्चीखाली, कोपऱ्यातल्या बादलीत जाऊन पडली, आणि टेबलावर बारा मुंगसं राहिली, एकीचंही गाव नसलेली.

मास्टरमोशाय पान चघळत आत आले तेव्हा मी जमिनीवर बसून लेबलं गोळा करत होते.

“कापले?” त्यांनी टेबलाकडे बघून विचारलं. “मा, दोरे कापले?”

मी मान हलवली.

“सगळे?”

“मी फेअर करत होते.”

ते स्टुलावर बसले. “या खोलीत पूर आला, कपाटांना वाळवी लागली, एकदा छप्पर गळलं. पण लेबल कुणी कापलं नाही. चुकीचं असलं तरी कापत नाहीत. चुकीच्या मागे बरोबरचं बांधतात. हे सांगावं लागेल असं कुणाला वाटलंच नाही बघ.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, “रडू नकोस. डोळ्यांत पाणी असलं की रंग नीट दिसत नाहीत. साहेब कधी येणार?”

“सोमवारी.”

“आज बुधवार. चल, ओळखायला लाग.”

त्या तीन दिवसांत मी जे शिकले ते कॉलेजात शिकले नव्हते. मानेवर पांढरा पट्टा असलेलं खेकडेखाऊ मुंगूस एकच होतं, आणि आसामचं लेबलही एकच. शेपटीचं टोक काळं असलेली तांबूस मुंगसं दोन. एकाची जागा सिंहभूम, एकाची राजस्थान; पण एक पूर्ण वाढलेलं होतं आणि एक पिल्लू, तसं लेबलांवरही होतं. लहान चणीची दोन होती, त्यांतलं एक नर, एक मादी. अशी पाच बुधवारीच आपापल्या गावी गेली. उरलेली सात सगळी राखाडी. जवळून बघितलं तर त्यांच्या प्रत्येक केसावर फिकट आणि गडद पट्टे आळीपाळीने असतात, त्यामुळे नजर ठरत नाही. बघता बघता कातडं हलल्यासारखं वाटतं.

“शेपटी मोजू नकोस,” मास्टरमोशाय म्हणाले. “भरताना ताणली जाते. कान सुकून आक्रसतो. मागचं पाऊल तेवढं खोटं बोलत नाही.”

मी कॅलिपरने पावलं मोजली. लेबलांवरच्या मापांशी तीन जुळली. आणखी दोघांची पोटं मास्टरमोशायनी टाक्यांमधून हलकेच उघडून बघितली. एकात ताग भरलेला होता.

“हा माझा हात नाही. माझ्या आधीच्याचा, म्हणजे सगळ्यांत जुन्या तारखेचं लेबल ह्याचं. तो बजबजच्या गिरणीतून ताग आणायचा फुकट. आणि ह्यात बघ, सुकं गवत. म्हणजे कातडं जंगलातच भरलं, डोंगरात.” त्यांनी टाक्यावरून बोट फिरवलं. “लोकांना वाटतं मुंगसं सारखी दिसतात. माणसांचे हात सारखे नसतात ना.”

शुक्रवारी संध्याकाळी टेबलावर दोन राहिली आणि दोन लेबलं. दोन्ही माद्या. दोन्ही पूर्ण वाढलेल्या, थंडीत मिळालेल्या. मागच्या पावलाचं माप अगदी सारखं. दोन्ही मास्टरमोशायनीच भरलेल्या, त्याच कापसाने, त्याच टाक्याने. एका लेबलावर लिहिलं होतं बजबज, नदीकाठ, म्हणजे इथलंच, कलकत्त्याच्या जवळचं. दुसऱ्यावर, वऱ्हाड, मेळघाटाच्या पायथ्याशी.

माझे आजोबा वऱ्हाडातून कलकत्त्याला आले होते. मी तिथे दोनदाच गेले होते. तिथली नातेवाईक मंडळी मला बंगालीण म्हणायची, आणि इथे शाळेत मला विचारायचे, तू नक्की कुठली? मी त्या दोघींकडे बराच वेळ बघत बसले. एक किंचित पिवळसर होती असं कधी वाटे. मग उजेडाची रेघ सरकली की दुसरी पिवळसर वाटे.

“बांधून टाक,” मास्टरमोशाय म्हणाले. “ही पिवळी वऱ्हाडची धर. सुक्या मुलखातली फिकट असतात.”

“तुम्हाला खात्री आहे?”

“नाही. पण मी काही बोलणार नाही, आणि ह्या दोघी तर बोलणारच नाहीत.” ते हसले नाहीत. “तुझी मुदत या महिन्याअखेर संपते ना, मा?”

मी दोन्ही लेबलं दोघींच्या मधे ठेवली, बांधली नाहीत, पंख्याचं बटण दोनदा तपासलं आणि घरी आले.

रविवारी दिवेलागणीला आम्ही तिघं गच्चीवर बसलो होतो. वारा पडला होता. नदीकडून एका बोटीचा भोंगा ऐकू आला, लांबलेला, झोपेतल्या माणसाने हुंकार द्यावा तसा. आणि मग तो वास आला. आंबेमोहोर शिजत असल्याचा. आमच्या गच्चीवर तो अधूनमधून यायचा, मी लहान असल्यापासून.

“आला बघ,” आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला. तिचं माहेर मावळातलं. “जवळच कुठेतरी आपल्याकडचं घर आहे. मी किती वर्षं सांगतेय.”

“भवानीपुरात आंबेमोहोर कोण आणणार?” बाबा म्हणाले.

“आणत असतील माहेराहून. मावळातलेच असणार. तिकडची सून असेल. नवरा बँकेत असेल, बदलीवर. संध्याकाळी लवकर जेवतात, म्हणजे घरात म्हातारं माणूस आहे.”

मी तिच्याकडे बघत राहिले. तिने त्या घराला गाव दिलं होतं, सून दिली होती, म्हातारं माणूस दिलं होतं. आणि सगळं इतकं जुळत होतं की त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

तो वास कशाचा ते मला महिन्याभरापूर्वीच कळलं होतं. बंगालीत त्याला भाम म्हणतात, आपण उदमांजर. जुन्या घरांच्या छपरांत राहतं, तिन्हीसांजेला कठड्यावरून चालत जातं, आणि जिथून जातं तिथे सुवासिक भात शिजल्यासारखा वास मागे राहतो. मास्टरमोशायनी सांगितलं होतं. मी आईला सांगितलं नव्हतं.

“आई,” मी म्हणाले. “ते उदमांजर आहे.”

“कोण?”

“तो वास. भाताचा नाही. उदमांजराचा असतो.”

“काहीतरीच! जनावराला कसला आलाय आंबेमोहोराचा वास?”

मी ग्रंथींबद्दल सांगितलं, साहेबांसारखंच दुसरीकडे बघत. बाबांनी पेपर खाली ठेवला. आई आधी हसली. मग कठड्याकडे बघत बसली. वास अजून येत होता.

“म्हणजे तिथे कुणीच नाही तर,” ती थोड्या वेळाने म्हणाली.

मला वाटलं, न सांगते तर बरं झालं असतं. अजूनही कधीकधी वाटतं. पण त्या संध्याकाळी मला एवढं कळलं की पिवळ्या मुंगसाला मी वऱ्हाड दिलं असतं तर तेही असंच छान जुळलं असतं. आणि कुणीतरी कुठेतरी त्या वऱ्हाडावर विश्वास ठेवून बसलं असतं.

सोमवारी साहेब आले. त्यांच्या बुटांना आसामची लाल माती होती. मी वाक्य मनात दोनदा घोळवलं नाही. घोळवलं असतं तर बोललेच नसते.

“सर, मी बारा लेबलं कापली. पंख्याने उडाली. दहा परत जुळली. दोन जुळत नाहीत.”

त्यांनी खण उघडला, एकेक मुंगूस उचललं, पाऊल मोजलं, टाके बघितले. मास्टरमोशाय कोपऱ्यात उगाच सुया पुसत होते. शेवटच्या दोघींशी साहेब फार वेळ थांबले. त्यांना खिडकीशी नेलं, उजेडात फिरवलं, परत आणलं.

“वऱ्हाडची,” ते म्हणाले. “माझ्याकडे पश्चिमेकडची ही एकच होती.”

“हो सर.”

“एकच, यंग लेडी.”

त्यांनी आपली वही काढली. आखलेल्या तक्त्यात पश्चिमेच्या रकान्यात एकच ओळ होती. तिच्यावरून त्यांनी पट्टी ठेवून एक रेघ मारली, सरळ, सावकाश. दोन वर्षं ते त्या रकान्याच्या आधारावर काम करत आले होते. मला वाटलं आता ते मला जायला सांगतील, आणि ते योग्यच होईल.

“तुम्ही अंदाजाने बांधू शकला असता,” ते म्हणाले.

“हो सर.”

“मला कळलंही नसतं.” त्यांनी मास्टरमोशायकडे बघितलं. “यांनीही सांगितलं नसतं.”

“मी तर सुचवलंच होतं, सर,” मास्टरमोशाय सुयांवरून नजर न काढता म्हणाले.

साहेब खुर्चीत बसले. बुटांची माती फरशीवर सांडली. मग त्यांनी टेबलावरचं एक कोरं लेबल माझ्याकडे सरकवलं.

“लिहा. या दोघींपैकी एक बजबजची, एक वऱ्हाडची. कोणती कुठली, माहीत नाही. लेबलं कुणी कापली ते लिहा. तुमचं नाव, आजची तारीख. अक्षर सुंदर आहे ना तुमचं? सुंदर लिहा. ते आता इथून कधीच निघणार नाही.”

मी लिहिलं. इतकं सावकाश मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं.

“आणि ते झालं की पुढचा खण,” ते दाराशी पोचल्यावर म्हणाले. “उदमांजरं. त्याला तुम्हाला सहा महिने तरी लागतील. मी कागद पाठवतो.”

मास्टरमोशायनी दोरा काढून दिला, जाड, मेण लावलेला. दोन्ही जुनी लेबलं आणि माझं नवं, तिन्ही एकाच दोऱ्यात ओवली. त्या दोऱ्याचं एक टोक मी एकीच्या मागच्या पायाला बांधलं, दुसरं टोक दुसरीच्या. त्यांनी गाठ ओढून बघितली, पुन्हा एकदा ओढली, आणि मान हलवली. मग आम्ही दोघींना खणात ठेवलं, एकाच कुशीवर, शेजारी शेजारी, मधे तीन लेबलं.